उत्तर पुढच्या बाजारी

माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीतच सुटली. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते मला आजही धड कळत नाही, आणि ओळ सरळ धरली तरी कडेला जाता जाता खाली उतरते. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. तरी उद्या कोणाच्या हाती पडलंच, तर त्यानं चुकांसाठी मला माफ करावं आणि वच्छामायकडे पाहावं. ज्यानं तिला पाहिलं नाही त्याला ती दिसावी, एवढ्यासाठी मी ही पानं घेऊन बसले आहे.

वच्छामाय मंगरूळपीरच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. उंच, वाळकी, समोरचा एक दात पडलेला, आणि हिवाळा असो की उन्हाळा, लुगड्यावर गेलेल्या नवऱ्याचा पांढरा सदरा. भाजी तोलून पिशवीत पडली की ती बाजूच्या ओल्या फडक्याखालून सांबाराच्या चार काड्या काढायची आणि पिशवीत सगळ्याच्या वर ठेवायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. त्याचे पैसे ती कधी घेत नसे. मग गिऱ्हाईक निघायला लागलं की हात वर करायची.

"थांबा. कोडं राह्यलं."

दर बाजारी एक नवं कोडं. सगळ्यांना तेच. मला आठवतं त्यातलं एक असं होतं: "भरलं त्यानं मान झुकवली, रिकामं त्यानं आभाळ पाह्यलं. सांगा." माणसं तिच्या हातातल्या तराजूकडे बघत बघत विचार करायची आणि तरी त्यांना तराजू सुचायचा नाही.

"उत्तर सांग ना मंग," कोणी म्हणायचं.

"पुढच्या बाजारी."

"आजच सांग ना वं बुडे."

"आज सांगतलं तं पुढच्या बाजारी तुमी त्या पलीकडच्या बाईजवळ बसान वांगे निवडत. मले का येडी समजता?"

दिवसाउजेडी कोडं घातलं की मामा वाट चुकतो असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात. एका आजीबाईनं तिला त्यावरून टोकलं, तेव्हा वच्छामाय म्हणाली, "माहा मामा कवाचाच वर गेला, बाई. त्याले आता एकच वाट. चुकून चुकून कुठं जाईन? तुमच्या मामाची जबाबदारी मात्र माही नाही." आजीबाई भाजी घेऊन गेली, आणि पुढच्या बाजारी उत्तर घ्यायला सगळ्यांत आधी आली. तिचा मामा सुखरूप होता की नाही, ते कोणी विचारलं नाही.

मला ती कशी भेटली ते सांगते. लग्न होऊन मी धनजहून इकडे आले. माहेरी कपाशी आणि तूर, इथे सगळी भाजीची शेती. काम मला जड नव्हतं, बोलणं जड होतं. कोणी नाव विचारलं तरी माझा घसा बंद व्हायचा. मान हलवून हो, मान हलवून नाही. दोन-तीन महिन्यांत सासूबाईंनी पाणी भरताना बायकांना सांगून टाकलं, "फसोलं आपल्याले. मुकी देली." माझे मालक स्वभावानं गरीब, आईपुढे मान खाली घालायचे. गावात मग माझं नावच मुकी पडलं. ते खोटं आहे हे सांगायलाही बोलावं लागलं असतं.

वच्छामायचा मळा आमच्या मळ्याला लागून. मधे फक्त धुरा, म्हणजे शेताचा बांध. एक दिवस मी खाली बसून वांगी तोडत होते, तर धुऱ्यापलीकडून आवाज आला, "जांभळा नवरदेव, हिरवा फेटा, पोटात बारीक बारीक पोट्टे, तरी म्हनते मी बिनलगनाचा. सांग."

मी मागे वळून पाहिलं. दुसरं कोणीच नव्हतं. माझ्या हातात जांभळं, हिरव्या टोपीचं वांगं होतं. ते मी बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "वांगं."

"हात् तिच्या! आवाज हाय की हिले," वच्छामाय म्हणाली. "अन् गाव म्हनते मुकी हाय."

मी पुन्हा खाली मान घालून वांगी तोडायला लागले. ती धुऱ्यावर बसली, कमरेची पिशवी काढून सुपारी कातरली आणि मग जे बोलली ते मी विसरले नाही. "बोलाले कायले भेतं, पोरी? लोकायशी बोललं का आपलं घर उघडून दाखवा लागते असं वाटते तुले. कोड्याचं तसं नाही. कोड्याले एकच शब्द लागते. बरोबर निंगाला तं तुहा, चुकला तं कोड्याचा."

गाव मला मुकी म्हणत होतं. त्या दिवसापासून ती मला मैना म्हणायला लागली.

रोज धुऱ्यावरून एक कोडं यायचं. हरलं की एखाद्या गावाचं नाव घेऊन ते तिला देऊन टाकायचं, हा तिचा नियम. मला पहिल्यांदा काही सुचलं नाही तेव्हा म्हणाली, "हरली? मंग गाव दे एक." मला एकच गाव ठाऊक होतं. मी म्हटलं, धनज. म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "माहेर नाही घेत म्या कोनाचं. ठेव तुह्याजवळ. दुसरं दे." मी शिरपूर दिलं. ती हसायला लागली. "तिथं माही लेक देली हाय, थे पह्यलेच माहं." मग मी कारंजा दिलं. पुढे पुढे एसटीच्या पाटीवर वाचलेली सगळी गावं मी तिला देऊन बसले. फक्त मंगरूळ द्यायचं नाही असं तिनं बजावलं होतं. "तिथं आपला बाजार हाय. थे हरलो तं खावाचं काय?"

बरेच दिवस असे एकेका शब्दाचे गेल्यावर तिनं मला एक वेगळंच कोडं घातलं. "दोन माया अन् दोन लेकी जेवाले बसल्या. भाकरी तीनच. कोनीच अर्धी खाल्ली नाही, कोनी उपाशी राह्यलं नाही. एकेकीनं पुरी एक एक भाकर खाल्ली. कशी?"

याला एक शब्द पुरत नव्हता. ते तिला माहीत होतं, आणि मलाही कळलं. संध्याकाळी भाकरी थापताना मला माहेरची चूल आठवली, चुलीपाशी आजी, आई आणि मी. तिथेच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी धुऱ्याजवळ गेले आणि एका दमात सांगून टाकलं, "आजी, माय अन् लेक. बाया तिघीच. आजी मायची माय, माय लेकीची माय, म्हनून माया दोन. माय आजीची लेक, अन् लेक मायची लेक, म्हनून लेकी दोन. तिघी जनी, तीन भाकरी."

मागे सासूबाई टोपलं घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपलं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवले.

"येवढं सारं बोलता येते तं काल वरनात मीठ नव्हतं थे काहून नाही सांगतलं? मी आपली खाऊन राह्यली गुमान."

वच्छामाय हसता हसता धुऱ्यावर बसली. मलाही हसू आवरेना. सासूबाई रागानंच निघाल्या होत्या, पण आंब्याच्या झाडापर्यंत जाईपर्यंत त्यांचीही पाठ हसण्यानं हलताना मला दिसली. मुकी हे नाव त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा बाजाराचं काम माझ्यावर आलं. घरात बोलणं वेगळं आणि बाजारात ओरडणं वेगळं. पहिल्या बाजारी मी पदर पुढे ओढून भाजीमागे बसून राहिले, आणि अर्धीअधिक भाजी सुकवून परत आणली. पुढच्या बाजारी वच्छामायनं तिचं पोतं सरकवलं आणि आपल्या शेजारी मला जागा करून दिली. ओरडू नको म्हणाली, कोडं घाल.

मी घातलं. आणि आपल्या मनानं त्यात भर घातली, की जो सांगेल त्याला पालकाची जुडी फुकट. कोडं होतं, "मारनारी रडते, मरनारा चूप." कांदा कोणाला येत नाही? शाळा सुटलेली पोरं, हमाल, समोरच्या कटलरीवाल्याची बायको, सगळे कांदा कांदा करत आले आणि माझा पालक संपला. पैसे एकाचेही नाहीत.

वच्छामायनं तराजू खाली ठेवला. "काय वं मैना, बाजार हाय का भंडारा? कोडं फुकट द्याचं, भाजी नाही."

"मंग तुमी सांबार फुकट काहून देता?" मी विचारलं.

"सांबाराची गोष्ट अल्लग हाय," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

समोर रशीदभाईंची चहा-पोह्यांची हातगाडी. सकाळी बाजार लागला की वच्छामाय मूठभर सांबार त्यांच्या गाडीवर नेऊन ठेवायची आणि कोडं सांगून यायची. रशीदभाई दिवसभर पोहे परतता परतता डोकं खाजवायचे. "ए अम्मा, कुछ तो इशारा दे," असं तिथून ओरडायचे. ती इथून ओरडायची, "पोहे जळले पाह्य!"

एकदा तिला ताप होता. मळ्यात तोडायला काही नव्हतं, कारण तोडायची ताकदच तिच्यात नव्हती. तरी बाजाराच्या दिवशी सकाळी ती सदरा घालून रस्त्यावर ऑटोची वाट बघत उभी. मी म्हटलं, "माय, भाजी नाही, काही नाही, कायले चालल्या?"

"उत्तर द्याचं हाय."

"मी सांगते ना सगळ्यायले."

"तुह्या घशातून निंगते का?" ती म्हणाली. तापातही तिची जीभ तशीच होती. मग ऑटोत बसल्यावर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पैशाची उधारी एकखेप बुडली तं चालते, मैना. उत्तराची बुडवू नाही. लोक आठ दिवस जीव लावून बसते त्याच्यात." त्या दिवशी ती रिकाम्या पोत्यावर बसून आलेल्या प्रत्येकाला उत्तर सांगत होती आणि बाजार उठल्यावरच आडवी झाली.

गेल्या हिवाळ्यात तिनं जे कोडं घातलं ते असं:

"फोडलं तं जल्मते,
मोलाबिगर घरोघर जाते,
सगळ्यायच्या मागून येते
अन् सगळ्यायच्या डोक्शावर बसते."

मीही हरले. संध्याकाळी ऑटोत मी तिला म्हटलं, "मले तं सांगा. मी का गिऱ्हाईक हाव?" ती म्हणाली, "कोड्यापुढं सगळेच गिऱ्हाईक," आणि बाहेर बघत हसत राहिली.

पुढचा बाजार तिला दिसला नाही. मधल्या दिवसांत एका दुपारी ती जेवून धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली आडवी झाली. मी हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, मग धुरा ओलांडून गेले. चेहरा अगदी रोजचा होता. शिरपूरहून तिची लेक आली, तिच्या गळ्यात पडून मी रडले, आणि त्या वेळी कोणाला माझ्या आवाजाचं नवल वाटलं नाही.

बाजाराचा दिवस आला तेव्हा मला जायचं नव्हतं. भाजी तोडलेली होती म्हणून गेले. बसल्या बसल्या पहिली बाई आली, रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "वच्छामाय कुठं? आमच्या घरी भांडन लागलं कोड्यावरून." मला सांगावं लागलं. मग दुसरीला, तिसऱ्याला. माणसं हळहळायची, कोणी डोळे पुसायचं. आणि थोडं थांबून, जरा लाजूनच, प्रत्येक जण विचारायचं, "उत्तर काय होतं वं?"

मला माहीत नव्हतं.

तिथेच मग चर्चा सुरू झाली. एक म्हणाला नारळ, फोडतात म्हणून. दुसरा म्हणाला नारळ का फुकट घरोघरी जातो? एकीनं विड्याचं पान सांगितलं, पंगतीत शेवटी येतं म्हणून, पण ते डोक्यावर कुठं बसतं? घरातली धाकटी सून, असंही एक जण म्हणाला आणि त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे सरकला. एका बाईनं सांबार म्हटलं. लगेच तिची जाऊ म्हणाली, "सांबार कोनी फोडते का?" आणि त्या बिचारीनं शब्द मागे घेतला. मीही जावेच्या बोलण्यावर मान हलवली. आमच्या मळ्यात सांबार कधी पेरलाच नव्हता. वच्छामायच्या वाफ्यातला आम्हाला पुरायचा.

घरी आले तर मालक म्हणाले, "सांगून दे ना काहीबी. कोनाले समजते?"

ते मला जमलं नसतं. तापात रिकाम्या पोत्यावर बसलेली ती माझ्या डोळ्यांसमोर होती. तिनं आयुष्यात एकही उत्तर बुडवलं नव्हतं, आणि शेवटचं माझ्या शेजारी बसून मागे ठेवून गेली होती. दहाव्याला कावळा लगेच शिवला. म्हणजे तिचा जीव त्यात अडकला नव्हता. अडकला होता तो बाजाराचा, आणि माझा.

तेरवी झाल्यावर तिची लेक शिरपूरला निघाली. जाताना तिनं मला एक धन्यांची पुरचुंडी दिली. "माईनं बियाले ठेवले होते. मी नेऊन काय करू? तूच टाक." मी आमच्या विहिरीजवळ एक वाफा केला, पुरचुंडी सोडली आणि धने मुठीनं फेकायला लागले. सासूबाई बाजेवर उन्हात गुडघे शेकत होत्या. तिथूनच ओरडल्या.

"अवं सूनबाई, काय करून राह्यली? अख्खेच्या अख्खे टाकतं का? पह्यले विटेखाली रगड, दोन फाका कर. सांबार फोडल्याबिगर उगवत नाही!"

मी मूठ तशीच धरून उभी राहिले. फोडलं तं जल्मते. मग बाकीच्या ओळी आपोआपच आल्या. तिचं ओलं फडकं, त्याखालून निघणाऱ्या चार काड्या, त्याचे पैसे नाहीत. भाजी तोलून झाल्यावर, सगळ्यांच्या मागून. पिशवीत सगळ्यांच्या डोक्यावर. कोडं घालायच्या आधी ती प्रत्येकाच्या पिशवीत उत्तर ठेवत होती. माझ्यासुद्धा. त्या दिवशी ऑटोत माझ्या मांडीवरच्या टोपल्यात तिचा सांबार होता, आणि मी तिला विचारत होते, मले तं सांगा.

मी वाफ्यातच बसले. सासूबाई काठी टेकत आल्या, म्हणाल्या, "काय झालं वं?" मी त्यांना कोडं सांगितलं आणि उत्तर सांगितलं. त्यांनी माझ्या मुठीतले धने आपल्या हातात घेतले. मग म्हणाल्या, "बेज्या हुशार होती बुडी," आणि स्वतः खाली बसून धने रगडायला लागल्या.

पुढच्या बाजारी मी तिच्या जागेवर बसले. कोणी विचारायची वाट पाहिली नाही. जो येईल त्याची भाजी तोलली, शेवटी तिच्याच वाफ्यातल्या सांबाराच्या चार काड्या वर ठेवल्या, आणि हात वर केला. "थांबा. वच्छामायचं उत्तर घेऊन जा." आवाज पहिल्यांदा बारीक निघाला, दुसऱ्यांदा जरा मोठा, नंतर नंतर समोरच्या रांगेपर्यंत जायला लागला. सांबार म्हणणाऱ्या त्या बाईला मी मुद्दाम थांबवलं आणि तिच्या जावेसमोर सांगितलं, की तुमचं बरोबर होतं, माझंच चुकलं. ती इतकी खूश झाली की जावेला भाजीची पिशवी धरायला लावून गेली. ज्यांना त्या दिवशी जमलं नाही ते त्यानंतरच्या बाजारी आले. प्रत्येकाला मी सांगितलं, आणि प्रत्येक जण आधी पिशवीत बघायचा, मग माझ्याकडे.

एकटे रशीदभाई राहिले होते. त्यांची गाडी बंद होती. ते अकोल्याला मुलीकडे गेले होते, बाळंतपण होतं. ते गेले तेव्हा वच्छामाय होती. परत आले त्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी लावली आणि पहिलं इकडेच बघितलं. मी उठून मूठभर सांबार घेऊन त्यांच्या गाडीवर गेले. त्यांना कोणीतरी सांगितलेलं दिसत होतं. ते खाली बघत पोहे परतत राहिले. मग म्हणाले, "जनाजे को भी नहीं आ सका मैं. पूरा रस्ता वोइच सोचता रहा, बाई. फोडलं तं जल्मते. क्या था वो?"

कढईतले पोहे झाले होते. त्यांनी एका ताटलीत काढले, सवयीनं हात पुढे केला आणि मी आणलेला सांबार चिमटीनं वर टाकला.

"तुमच्या हातातच हाय, रशीदभाई," मी म्हटलं.

त्यांनी चिमटीकडे पाहिलं. ताटलीकडे पाहिलं. फोडायचं कसं ते मी सांगितलं. इतक्या वर्षांत एवढा वेळ त्यांचा झारा थांबलेला मी बघितला नव्हता.

"सुबह-सुबह लाके रखती थी," ते म्हणाले. "मैं दिनभर सबकी पलेट पे डालता था, और चिल्लाता था, इशारा दे, इशारा दे." हसायला लागले आणि हसता हसताच गमछ्यानं डोळे पुसले. मग ती ताटली त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी पदराच्या गाठीतून पैसे सोडायला लागले तर त्यांनी हात आडवा केला.

"अब कौन बाकी रहा?"

"कोनीच नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तुमीच शेवटचे होते. आता वच्छामायकडं कोनाचं काही बाकी नाही."